रस्त्याला छप्पर घालणारा मॅकॅडम

गावात खडीकरणाचे काम निघाले की अंदाजपत्रकात ‘डब्ल्यूबीएम’ ही अक्षरे हमखास असतात. वॉटर बाउंड मॅकॅडम असे त्यांचे पूर्ण रूप. यातला मॅकॅडम हा कुठला पदार्थ नसून माणूस आहे, आणि तोही अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण न घेतलेला व्यापारी.

जॉन लाउडन मॅकॅडमचा जन्म १७५६ मध्ये स्कॉटलंडमधल्या एअर या गावी झाला. १७७० मध्ये वडील वारले आणि चौदा वर्षांच्या जॉनला न्यूयॉर्कला काकांकडे पाठवण्यात आले. तिथे त्याने व्यापारात चांगला पैसा मिळवला. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला. युद्ध संपले तशी मालमत्तेचा मोठा भाग गमावून १७८३ मध्ये तो मायदेशी परतला. एअरशायरमध्ये त्याने जमीनजुमला घेतला आणि तिथल्या रस्त्यांच्या टोल न्यासाचा तो विश्वस्त झाला. रस्त्यांचे वेड लागले ते इथे.

त्या काळी ब्रिटनमधले बरेचसे मोठे रस्ते अशा न्यासांकडे होते. नाक्यावर टोल घ्यायचा आणि त्यातून रस्ता राखायचा, अशी व्यवस्था. टोल नेमाने घेतला जाई, रस्त्याची मात्र दैना असे. खड्डा पडला की हाताला लागतील ते दगडगोटे मातीत मिसळून त्यात ओतायचे. पावसाळ्यात चिखल होई, थंडीत आत मुरलेले पाणी गोठून फुगे आणि पृष्ठभाग उकलून टाके. घोडे पाय मोडून घेत, गाड्या उलटत. मॅकॅडम पदरचा पैसा खर्चून हजारो मैल हिंडला आणि रस्ते नेमके का बिघडतात ते पाहत राहिला.

त्याचा निष्कर्ष साधा होता, पण त्या काळच्या समजुतीला छेद देणारा होता. गाडीचे ओझे दगड पेलत नाहीत, खालची जमीन पेलते. कोरडी माती कितीही वजन सोसते. तीच भिजली की तिच्या कणांमधले घर्षण कमी होते आणि ती चाकाखाली सरकते. म्हणजे रस्ता हे त्या मातीवरचे छप्पर. त्याचे पहिले काम पाणी आत येऊ न देणे.

त्याचा समकालीन आणि स्कॉटलंडचाच नामांकित अभियंता थॉमस टेलफर्ड रस्त्याच्या तळाशी मोठे दगड हाताने रचून भक्कम पाया घालत असे. हा खर्च मॅकॅडमला अनावश्यक वाटे. त्याने आजूबाजूच्या जमिनीपेक्षा रस्ता उंच घेतला, कडेला चर काढले आणि वर सुमारे दहा इंच जाडीचा फोडलेल्या खडीचा थर दिला. तीस फूट रुंदीच्या रस्त्यात मधोमध फक्त तीन इंच उठाव पुरे, असे त्याचे माप होते. जास्त उतार दिला तर सगळ्या गाड्या मधूनच जातात आणि तिथेच चाकोऱ्या पडतात.

खडीबाबत तो फार कडक होता. गुळगुळीत गोटे त्याला चालत नसत, कारण ते एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या दगडाच्या कोनदार कडा मात्र चाकांच्या दाबाने एकमेकींत अडकतात आणि थर एकजीव होतो. एकही तुकडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड नसावा, हा त्याचा नियम. त्यासाठी निरीक्षकाने तराजू जवळ बाळगायचा. खडीत माती अजिबात मिसळायची नाही, कारण माती पाणी धरून ठेवते. आजच्या डब्ल्यूबीएममध्ये पाणी मारून भुकटी किंवा मुरूम भरतात, ते त्याला मुळीच पटले नसते!

१८१६ मध्ये तो ब्रिस्टलच्या न्यासाचा निरीक्षक झाला आणि त्याला हवे तसे काम करता आले. नवा दगड आणण्याऐवजी त्याने जुनेच रस्ते उकरले, मोठे दगड फोडून घेतले, माती काढून टाकली आणि तीच खडी पुन्हा पसरली. बसून छोट्या हातोड्याने दगड फोडायचे काम असल्याने म्हातारे, बायका आणि मुलेही मजुरीला लागली. गरिबांना काम मिळते, ही त्याला जमेची बाजू वाटे. त्या दगडाच्या धुळीचे फुप्फुसांवर काय परिणाम होतात, याचा हिशेब तेव्हा कोणी मांडत नव्हते.

पद्धत स्वस्त होती, म्हणून झपाट्याने पसरली. हेवेदावेही आले. १८२३ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्याच्या पद्धतीची चौकशी झाली आणि झालेल्या खर्चापोटी मागितलेल्या ५,००० पौंडांऐवजी १८२५ मध्ये त्याला २,००० मिळाले. नाइट हा किताब त्याने वयाचे कारण सांगून नाकारला. तो पुढे मुलाला मिळाला. १८३६ मध्ये, ८० व्या वर्षी, मॅकॅडमचे निधन झाले.

पाया अजिबात नको, हे त्याचे म्हणणे जड वाहनांच्या काळात टिकले नाही. पण रस्त्याची जाडी ठरवण्याआधी आजही अभियंते खालची माती भिजवून तिची ताकद मोजतात. ‘सीबीआर’ चाचणी म्हणतात ती हीच.

आणखी एक गंमत. तरुणपणी मॅकॅडम दगडी कोळशापासून डांबर काढण्याच्या धंद्यात होता. पण ते डांबर रस्त्यावर ओतावे, असे त्याला सुचले नाही. त्याच्या काळी गरजही नव्हती, लोखंडी धावांच्या चाकांखाली खडीची भुकटी दबून बसे. मोटारी आल्या आणि रबरी टायर ती भुकटी उडवू लागले. धुळीने लोक हैराण झाले. अखेर १९०२ मध्ये मोनॅकोत एका स्विस डॉक्टरने, अर्नेस्ट गुग्लिएल्मिनेट्टीने, रस्त्याला गरम डांबर फासून ती धूळ बसवली.