विद्यार्थी बाबासाहेब : चार विद्यापीठांची वाट

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण आपण संविधानाचे शिल्पकार आणि धम्मचक्र पुन्हा गतिमान करणारे महामानव म्हणून करतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या चरित्राचा एकच भाग वाचकांसमोर ठेवीत आहोत, तो विद्यार्थी भीमरावांचा. मुंबई, न्यूयॉर्क, लंडन आणि बॉन अशा चार ठिकाणच्या विद्यापीठांत त्यांचे नाव नोंदले गेले. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना बरोबर काय नेता येते, मागे काय राहते, नव्या ठिकाणच्या अटी कशा पुऱ्या कराव्या लागतात, हा प्रश्न हेदवीच्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना दरवर्षी निकालानंतर पडतो. बाबासाहेबांना तो मॅट्रिकच्या आधीपासून पडला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या पाठीशी राहिला.

हे चरित्र आपल्याला परके नाही. हेदवीहून गुहागरमार्गे धोपाव्याला जावे, फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरावे, की पुढे दापोली आणि त्यापलीकडे मंडणगड तालुका लागतो. याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात असताना १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिले, नंतर साताऱ्यास व पुढे मुंबईस गेले. माता रमाई यांचे माहेर वणंद हेही दापोलीजवळचेच. ज्यांच्या नावापुढे जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या लागल्या, त्यांची मुळे आपल्याच जिल्ह्याच्या लाल मातीत आहेत.

मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना भीमरावांच्या शिक्षणावर पहिली मोठी मर्यादा पडली. त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत घ्यावयाची होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील मुलास संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. वरवर पाहता ही एका विषयाची अदलाबदल होती. परंतु शाळेत जी भाषा मिळत नाही, तिच्यावर उभे असलेले महाविद्यालयीन विषयही त्या विद्यार्थ्याला दुरावतात. प्राचीन भारताची मूळ साधने ज्या भाषेत होती, तिचे दार अशा रीतीने शाळेतच लावून घेतले गेले. बाबासाहेबांनी फारसीचा अभ्यास मन लावून केला आणि संस्कृतची उणीव पुढे स्वतःच्या परिश्रमाने भरून काढली. हिंदू धर्मग्रंथांची जी कठोर चिकित्सा त्यांनी नंतर केली, तिच्यामागे कोणत्याही वर्गात न मिळालेला हा अभ्यास होता.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या टक्केवारीच्या युगात हा आकडा पालकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा, असे आम्हांस वाटते. त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा केळुसकर गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत त्यांना पोहोचविले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेऊन भीमराव बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारी १९१३ रोजी, सुभेदार रामजींचे निधन झाले. मुलाने शिकावे म्हणून ज्यांनी घरातील दागिनेही गहाण टाकले, त्या पित्याला पुढचे काही पाहता आले नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी त्यांची निवड केली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळावयाची आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथील नोंदी आजही उपलब्ध आहेत. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. त्यांखेरीज प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. एकूण ६०. मुख्य विषय अर्थशास्त्र ठरविल्यावर त्याला आधार देणारे विषय कोणते, हे ओळखून केलेली ही आखणी होती. सेलिग्मन यांच्याकडे त्यांनी अर्थशास्त्राचा, तर जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. १९१५ साली प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधासाठी त्यांना एम.ए. मिळाली. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरील प्रसिद्ध निबंध वाचला. जातिसंस्थेवरील त्यांचा हा पहिला मोठा निबंध मुख्य विषयाच्या नव्हे, जोडविषयाच्या वर्गात जन्मला.

डॉक्टरेटसाठी लागणारे संशोधनही त्यांनी तेथे केले. परंतु पीएच.डी. प्रत्यक्ष हाती पडण्यासाठी प्रबंध छापून त्याच्या ठरावीक प्रती विद्यापीठास सादर करणे आवश्यक होते. परक्या देशात शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याजवळ छपाईचा खर्च कोठून असणार? ती अट अपुरी ठेवून १९१६ च्या जूनमध्ये त्यांनी न्यूयॉर्क सोडले.

ते थेट लंडनला गेले. त्या वर्षी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले आणि नोव्हेंबरमध्ये बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र दिले होते. तरीही, कोलंबियाची एम.ए. आणि तीन वर्षांचे संशोधन जवळ असताना, लंडनमध्ये त्यांनी एम.एस्सी.साठी नोंदणी केली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते मॅकिंडर यांच्या भूगोलाच्या आणि हॉबहाऊस यांच्या समाजशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. अभ्यासक्रमाचे शुल्क १० पौंड १० शिलिंग होते.

हे शिक्षण पुरे होण्याआधीच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार त्यांना बडोद्यास परतणे भाग पडले. निघण्यापूर्वी त्यांनी एक काम केले, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. अभ्यास अर्धवट सोडून ते तसेच निघून गेले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुढे चालू करता येईल, अशी रीतसर परवानगी लंडन विद्यापीठाकडून त्यांना जुलै १९१७ मध्ये मिळाली. पुढील सर्व यश त्या एका परवानगीवर उभे राहिले.

महायुद्ध चालू होते. त्यांची ग्रंथसंपदा वेगळ्या जहाजाने येत होती. जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडविले. बडोद्यास तर राहावयास जागा मिळेना. कचेरीत शिपाईसुद्धा विटाळ मानीत आणि पारशी वसतिगृहातून त्यांना अपमान करून बाहेर काढण्यात आले. अमेरिकेत साठ अभ्यासक्रम पुरे करणाऱ्या या विद्वानाला आपल्या देशात एक खोली मिळू शकली नाही. ते मुंबईस परतले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार चांगला होता, पण परळच्या चाळीतील राहणी त्यांनी बदलली नाही. लंडनची मुदत डोळ्यांसमोर होती आणि प्रत्येक रुपया तिच्यासाठी राखून ठेवला जात होता.

साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या आधारावर १९२० च्या जुलैमध्ये त्यांनी पुन्हा लंडनची वाट धरली. चार वर्षांची मुदत संपण्यास अजून अवकाश होता. शुल्क आता ११ पौंड ११ शिलिंग झाले होते. पुढील तीन वर्षे अर्धपोटी राहून, ग्रंथालय उघडताना आत जाऊन ते बंद होताना बाहेर पडत, त्यांनी काढली.

याही काळात कागदपत्रांची अडचण सुटली नाही. एप्रिल १९२१ मध्ये उन्हाळी परीक्षेचा त्यांचा अर्ज वेळेत गेला नव्हता. संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांना विद्यापीठाच्या निबंधकांकडे पत्र लिहून उशिरा अर्ज घेण्याची परवानगी मागावी लागली. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंधासाठी त्यांना एम.एस्सी. मिळाली आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. दरम्यान जर्मनीतील अभ्यासासाठी त्यांनी जर्मन भाषेत अर्ज केला आणि १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदविले. कोलंबियातील प्राथमिक जर्मनचा तो एक वर्ग येथे उपयोगी पडला. बॉनचे शिक्षण मात्र पुरे झाले नाही. लंडनचे काम अपुरे होते आणि पैसा संपत आला होता.

डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. हातातील पैसा सरल्यामुळे ते मुंबईस परतले. मुंबईत बसून त्यांनी प्रबंधाची फेरमांडणी केली, ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. लगेच डिसेंबरमध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याची अर्पणपत्रिका मातापित्यांच्या नावे आहे.

आता कोलंबियाची अट उरली होती. १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ त्याच प्रकाशकाने काढला. त्याला सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. छापील प्रती न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली. न्यूयॉर्क सोडून अकरा वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. ज्या हातांनी समाजासाठी ते पाणी ओंजळीत घेतले, त्याच हातांनी एका विद्यापीठाची जुनी अटही पुरी केली.

या साऱ्या काळात मुंबईतील घर माता रमाईंनी सांभाळले. पती परदेशी असताना त्यांनी दारिद्र्य सोसले, लेकरांचे मृत्यू सोसले. बाबासाहेबांच्या पदव्यांचा विचार करताना दापोलीजवळच्या वणंदच्या या लेकीचा त्याग आम्ही वेगळा काढू शकत नाही.

स्वतः एवढे सोसल्यामुळेच इतरांची वाट सोपी करण्याचे काम बाबासाहेबांनी हाती घेतले. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली मुंबईत आणि मिलिंद महाविद्यालय १९५० साली औरंगाबादेत उभे राहिले. खेड्यातील मुलाला राहण्यास जागा आणि शिकण्यास हवा तो विषय मिळावा, हा त्यामागील हेतू होता. आपल्यासारख्या वसतिगृहयुक्त शाळा त्याच परंपरेत येतात.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०२१ पासून आपल्या देशात शैक्षणिक क्रेडिट बँकेची सोय झाली आहे. एका विद्यापीठात मिळविलेली क्रेडिट्स विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात व दुसऱ्या विद्यापीठात नेता येतात. मात्र त्यांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षे आहे. नव्या विद्यापीठातील मुख्य विषयाच्या पूर्वअटी तर स्वतंत्रपणे पुऱ्या कराव्याच लागतात. अकरावीत गणित सोडले तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची वाट अवघड होते, आणि ते मुलाला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले होते. आपल्या मुलांचे विषय केवळ माहितीअभावी सुटत असतील, तर ती जबाबदारी आपणा सर्वांची आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलगा किंवा मुलगी दहावीत असतानाच पुढच्या शाखेला कोणते विषय लागतात, याची शिक्षकांकडे चौकशी करावी. महाविद्यालय बदलावे लागले तर स्थलांतर प्रमाणपत्र, गुणपत्रके आणि अभ्यासक्रमाची प्रत हाती घेतल्याशिवाय जुने ठिकाण सोडू नये. घरच्या अडचणीमुळे शिक्षण थांबवावे लागले, तर परत येण्याची परवानगी आणि तिची मुदत लेखी मागून घ्यावी. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे मुंबई, पुणे वा परदेशी विद्यापीठांतून ही वाट चालून आले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस तरी शाळेत येऊन दहावीच्या मुलांशी बोलावे. केळुसकर गुरुजी आणि नवल भथेना यांच्यासारखी माणसे वाटेवर भेटली, म्हणून भीमरावांचा प्रवास तडीस गेला. आपल्या मुलांसाठी तशी माणसे आपणच व्हावयाचे आहे.

विद्यार्थी बाबासाहेबांच्या पावन स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जय भीम! नमो बुद्धाय!