नंदगडचा वड

खानापूरहून नंदगडला जाणारे आमचे वाचक पुष्कळ असतील. गावाबाहेरच्या वडापाशी थांबलेले मात्र थोडेच. त्याच्या फांद्यांना लहान लहान पाळणे टांगलेले असतात. मूल व्हावे म्हणून नवस बोलणाऱ्या बाया ते बांधतात. ज्याच्या नावाने हे नवस चालतात, त्याला कंपनी सरकारने २६ जानेवारी १८३१ रोजी याच गावी फासावर दिले. त्याचे नाव संगोळ्ळी रायण्णा.

बैलहोंगल तालुक्यातील संगोळ्ळी हे त्याचे गाव. घराणे धनगराचे, चाकरी कित्तूर संस्थानची. तो शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे पगाराऐवजी जमीन मिळालेला गावचा शिपाई. जमीन हेच त्याचे वेतन आणि हीच त्याची अब्रू. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज पुढचे बंड समजत नाही.

१८२४ साली कित्तूरचे देसाई निपुत्रिक वारले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने दत्तक मानला नाही. राणी चन्नम्मा लढल्या. २३ ऑक्टोबरला थॅकरे मारला गेला, डिसेंबरात किल्ला पडला व राणी बैलहोंगलच्या कैदेत गेल्या. एवढा इतिहास शाळेतल्या मुलांनाही येतो. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यानंतरच्या पाच वर्षांविषयी.

संस्थान गेले तशी शेतसनद्यांची चाकरी गेली आणि चाकरीबरोबर जमिनीवरचा हक्कही. कोणाची जमीन खालसा झाली, कोणावर भारी सारा बसला. रायण्णाच्या वाट्याला दोन्ही आले. काही जमीन गेली, उरलेलीवर सारा चढला. लोक सांगतात की, सारा थकला म्हणून कुलकर्ण्याने त्याच्या आईच्या पाठीवर दगड ठेवून तिला उन्हात उभे केले. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, वसुलीसाठी माणसांचे असे हाल त्या काळी होत असत.

दूर फ्रेंचांच्या सेंट डोमिंग वसाहतीत १७९१ साली गुलामांनी उसाचे मळे पेटविले, तेव्हा मळेवाल्यांनी दोष दिला तो पॅरिसमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींना. आपल्या हातातला चाबूक त्यांना दिसला नाही. शेतसनदी काही गुलाम नव्हते, हे आम्ही विसरत नाही. पण पोटाचे साधन गेलेला माणूस कोणाच्या चिथावणीची वाट पाहत नसतो.

फेब्रुवारी १८२९ मध्ये राणी कैदेतच वारल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस रायण्णाने जमिनी गेलेल्या शेतसनद्यांना गोळा केले. दत्तकपुत्र शिवलिंगप्पाला गादीवर बसवावयाचे, हे त्यांचे निशाण. जानेवारी १८३० मध्ये त्यांनी बिडीची सरकारी कचेरी जाळली. दिवसा रानात लपावे आणि रात्री छापा घालावा, असे काही महिने चालले. त्यांनी कचेरीच का निवडली, हे साऱ्याची पावती हाती घेतलेल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

एप्रिलात फितुरी झाली. ओढ्यावर अंघोळीला उतरलेला असताना, हाती तलवार नाही अशा वेळी, आपल्याच मुलखातल्या माणसांनी त्याला पकडून दिले, असे सांगतात. पुढे खटला झाला आणि नंदगडला फाशी. त्याच्या समाधीवर एका सोबत्याने वडाचे रोप लावले, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. कानडी मुलखातून आलेली बाई आणि मराठी बोलणारी खानापूरकरीण, दोघीही आपापला पाळणा त्याच झाडाला बांधतात.