गदिमा आणि नामांकनांची गाणी

हल्ली दरवर्षी पुरस्कारांचे सोहळे होतात, उत्कृष्ट गीतांची नामांकने वाजतगाजत जाहीर होतात आणि पुढचा गणपती येईतो त्यांतले गाणे कुणाच्या ओठावर उरत नाही. मागच्या वर्षीचे एखादे सांगा, असे मी वर्गात विचारले. कुणालाच सांगता आले नाही. अशा वेळी ग. दि. माडगूळकरांचे चरित्र आठवते.

त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, शेटफळ्याचा. माडगुळे हे गाव दुष्काळी माणदेशातले आणि घरी अठराविश्वे दारिद्र्य. गणिताने घात केला व मॅट्रिकची परीक्षा राहिली ती राहिलीच. पण खरी शाळा घरातच होती. आई बनूताई ओव्या रचीत. गावात भजन, कीर्तन होते. ती बोली त्यांच्या अंगी मुरली.

पोटासाठी कोल्हापूर गाठले. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त किरकोळ भूमिका केली, वि. स. खांडेकरांचे लेखनिक झाले. १९४७ च्या ‘रामजोशी’ने नाव झाले आणि मग कथा, संवाद, गीते यांचा पूरच लोटला.

१९६० चा ‘जगाच्या पाठीवर’ पाहावा. त्यात रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी आहे, तुरुंगात मागावर बसलेला कैदी आहे. त्यांची गाणी दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभणार नाहीत. आजचे नामांकित गीत मात्र कोणत्याही नायकाला, कोणत्याही चित्रपटात चालते! त्या काळीही टुकार गाणी निघत, हे कबूल; पण त्यांना कुणी मखरात बसवीत नसे.

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तरी लांज्याच्या बाजारातून परतताना ती गदिमांचे गाणे गुणगुणते, आणि त्यातला एकही शब्द मला तिला समजावून सांगावा लागत नाही. उलट तीच मला सांगते.

१ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले. सुधीर फडके यांचे संगीत, दर आठवड्याला नवे गीत, एकूण ५६. १९६९ साली पद्मश्री मिळाली. मॅट्रिक न झालेला हा कवी १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८ होते.