मेणाच्या मस्तकावर एकेक केस : मादाम तुसाँ यांचा जीवनप्रवास

सिलिकॉनच्या हुबेहूब बाहुल्या घडवणारे कारागीर केस बसवण्यासाठी आज एक साधी युक्ती वापरतात. सुईच्या नेढ्याचे टोक घासून उघडे केले की तिला दोन बारीक दाते येतात. त्यांत कृत्रिम केस अडकवून सुई तिरकी टोचली जाते. सुई बाहेर येते, केस आत राहतो, आणि लवचिक सिलिकॉन आकसून त्याला धरून ठेवते. बसवलेला केस काढणे मात्र अधिक नाजूक काम आहे. तो ज्या दिशेने बसवला त्याच दिशेने चिमट्याने हळूहळू ओढावा लागतो. घाई केल्यास बाहुलीची कातडी फाटते, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचल्यास ती जागा सैल पडून नवा केस धरत नाही. मेण याबाबतीत अधिक क्षमाशील आहे, कारण थोडी ऊब दिली की छिद्र बुजते. मेणाच्या पुतळ्यांची ही जुनी कला जिच्या नावाने जगभर ओळखली जाते, त्या मारी तुसाँ यांचे आयुष्य मात्र मेणाइतके सहज घडलेले नव्हते.

मारी ग्रोशोल्त्स यांचा जन्म १ डिसेंबर १७६१ रोजी स्ट्रासबर्ग येथे झाला. सैनिक असलेले वडील जन्मापूर्वीच निवर्तले, असे त्यांनी पुढे सांगितले. आईने स्वित्झर्लंडमधील बर्न येथे डॉ. फिलिप कर्तियस यांच्या घरी घरकाम स्वीकारले. हे डॉक्टर वैद्यकीय अभ्यासासाठी मेणाचे अवयव तयार करीत असत. पुढे ते माणसांचे चेहरे घडवू लागले. १७६५ मध्ये ते पॅरिसला गेले आणि काही वर्षांनी मायलेकीही तेथे पोहोचल्या. मारी त्यांना काका म्हणत, आणि याच काकांकडून त्या कला शिकल्या.

चेहऱ्याचा साचा घेणे, त्यात रंग मिसळलेले वितळलेले मेण ओतणे, काचेचे डोळे बसवणे, हे सारे झाले तरी पुतळा जिवंत वाटत नाही. ते काम केस करतात. तयार टोप बसवणे सोपे खरे, पण कपाळाच्या कडेशी त्याची लबाडी उघडी पडते. म्हणून मेण किंचित ऊबदार असताना खऱ्या माणसाचे केस सुईने एकेक करून रोवले जातात. भुवयांचे केस आडवे, कपाळावरचे तिरके, शेंड्याजवळचे भोवऱ्यासारखे. हे काम पाहणाऱ्याच्या कधी लक्षातही येत नाही, आणि त्यातच त्याचे यश आहे.

१७७७ मध्ये घडवलेला व्हॉल्तेर यांचा पुतळा ही मारी यांची पहिली कृती मानली जाते. त्या वेळी त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. रूसो आणि बेंजामिन फ्रँकलिन यांचे चेहरेही त्यांच्या हातून घडले. व्हर्साय येथील राजवाड्यात राजभगिनी एलिझाबेथ यांना आपण ही कला शिकवली, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. राजदरबाराच्या उपलब्ध नोंदींत मात्र त्यांचे नाव आढळत नाही, आणि इतिहासकार या दाव्याकडे साशंकतेने पाहतात. स्वतःविषयीच्या कथा रंगवून सांगण्याचे कसबही त्यांच्याकडे होते, हे मान्य करावे लागेल.

१२ जुलै १७८९ रोजी पॅरिसमधील जमावाने कर्तियस यांच्या प्रदर्शनातील अर्थमंत्री नेकर आणि ऑर्लेआंचे ड्यूक यांची मेणाची मस्तके मिरवणुकीत नेली. दोनच दिवसांनी बास्तीय कोसळले. पुढील दहशतीच्या काळात मारी यांच्यावर राजनिष्ठेचा संशय आला. आपल्याला अटक झाली, जोसेफीन द बोआर्ने याही त्याच कोठडीत होत्या आणि गिलोटिनच्या तयारीसाठी आपले केस कापण्यात आले, असे त्या सांगत. कर्तियस यांच्या ओळखीतील एका क्रांतिकारी नेत्याच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली, असेही त्या म्हणत. हा प्रसंग नेमका कसा घडला हे पडताळणे कठीण आहे. परंतु पुतळ्यांच्या डोक्यांवर केस रोवणाऱ्या स्त्रीने हीच आठवण जपावी, यात नवल वाटत नाही. त्यानंतर शिरच्छेद झालेल्यांच्या चेहऱ्यांचे साचे घेण्याचे काम आपल्यावर सोपवण्यात आले, असे त्यांचे कथन आहे.

१७९४ मध्ये कर्तियस यांचे निधन झाले आणि संपूर्ण संग्रह मारी यांच्याकडे आला. पुढील वर्षी फ्रांस्वा तुसाँ या अभियंत्याशी त्यांचा विवाह झाला. एक मुलगी बालपणीच दगावली; दोन मुलगे वाढले. देशात मंदी होती आणि प्रदर्शन तोट्यात चालले होते. १८०२ मध्ये थोरल्या जोसेफला सोबत घेऊन त्या लंडनला गेल्या. धाकटा मुलगा केवळ दोन वर्षांचा होता; तो वडिलांजवळ राहिला. ज्या जादूच्या कंदिलाच्या खेळवाल्याने त्यांना बोलावले होते, त्याने नफ्याचा निम्मा वाटा आपल्याकडे ठेवला. पुढे युद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. पतीची आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही. धाकटा मुलगा आईकडे आला तोवर तो विशीत पोहोचला होता.

तब्बल ३३ वर्षे त्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये गावोगाव प्रदर्शन नेले. थंडीत मेण तडकते, उष्णतेत मऊ पडते, केसांत धूळ बसते. प्रत्येक मुक्कामी पुतळ्यांची डागडुजी आणि केशरचना नव्याने करावी लागे. लोकांचा रस संपलेला चेहरा वितळवून त्याचे मेण नव्या चेहऱ्यासाठी वापरता येई. साचा तेवढा मागे उरे. १८३१ मधील ब्रिस्टलच्या दंगलीत आगीच्या भीतीने पुतळे रस्त्यावर काढावे लागले.

अखेर १८३५ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर कायमचे दालन उघडले. प्रवेशमूल्य सहा पेन्स होते. वार्धक्यातही मादाम दाराशी बसून पैसे घेत असत. १८४२ मध्ये त्यांनी स्वतःचा पुतळा घडवला. त्याच्या डोळ्यांवर चश्मा आणि डोक्यावर काळी टोपी आहे. केस फारसे दिसत नाहीत. १६ एप्रिल १८५० रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

१८८४ मध्ये हे संग्रहालय मॅरिलबोन रोडवर हलवण्यात आले. १९२५ च्या आगीत पुष्कळ पुतळे नष्ट झाले. वाचलेल्या साच्यांतून काही पुन्हा घडवता आले. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात अनेक साचेही गेले. भारतात दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील रीगल इमारतीत डिसेंबर २०१७ मध्ये संग्रहालयाची शाखा उघडण्यात आली. ती २०२० मध्ये बंद झाली आणि २०२२ मध्ये नोएडा येथे पुन्हा सुरू करण्यात आली. संगणक आणि त्रिमितीय मोजणी आता या कामात आली आहेत, तरी एका मस्तकावर केस रोवण्यास आजही कित्येक आठवडे लागतात आणि ते हातानेच, एकेक करून रोवले जातात.