लॉर्ड डन्सनी

एडवर्ड जॉन मोर्टन ड्रॅक्स प्लंकेट, डन्सनीचे १८वे बॅरन (जन्म : २४ जुलै १८७८, लंडन, मृत्यू : २५ ऑक्टोबर १९५७, डब्लिन) हे इंग्रजीत लेखन करणारे अँग्लो-आयरिश कथाकार, नाटककार व कवी होते. लॉर्ड डन्सनी या नावाने ते ओळखले जातात. ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ (१९०५) या आपल्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी कोणत्याही प्रचलित धर्मातील वा पुराणातील देव न घेता एक संपूर्ण नवे देवमंडळ रचले. त्यांच्यापूर्वी सुमारे शतकभर आधी विल्यम ब्लेक या कवीने स्वतःची दैवते निर्माण केली होती; परंतु ब्लेक यांचा सारा वाद ख्रिस्ती धर्मविचाराशी होता. डन्सनी यांच्या देवांना असा कोणताही वाद घालायचा नाही. ते केवळ कथेसाठी जन्मले, आणि त्यामुळेच पुढील काळातील अद्भुतकथाकारांना व कल्पित जगात रंगणारे खेळ रचणाऱ्यांना ते जवळचे वाटले.

पूर्वायुष्य

आयर्लंडमधील मीथ परगण्यात डन्सनी किल्ला ही या घराण्याची वडिलोपार्जित वास्तू आहे. घराण्याचे दुसरे घर इंग्लंडमधील केंट परगण्यात शोरहॅम येथे होते. आयरिश शेतकऱ्यांत सहकारी चळवळ रुजविणारे सर होरेस प्लंकेट हे त्यांचे चुलते. चीम येथील शाळा, ईटन आणि सँडहर्स्टची लष्करी अकादमी असे त्यांचे शिक्षण झाले. १८९९ मध्ये वडिलांच्या निधनानंतर बॅरनपद त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत दाखल होऊन दक्षिण आफ्रिकेतील दुसऱ्या बोअर युद्धात त्यांनी भाग घेतला. १९०४ मध्ये लेडी बिआट्रिस चाइल्ड-व्हिलियर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डन्सनी पिसाच्या लेखणीने, भराभर आणि सहसा खाडाखोड न करता लिहीत. पुष्कळदा ते तोंडी सांगत आणि बिआट्रिस लिहून घेत.

शाळेत ग्रीक भाषा शिकताना ग्रीक देवांची जेमतेम ओळख झाली आणि शिक्षण संपताच ती सुटली. हे देव दृष्टीआड झाल्याने राहिलेली ओढच आपल्याला स्वतःचे देव घडविण्याकडे घेऊन गेली असावी, असे त्यांनी ‘पॅचेस ऑफ सनलाइट’ (१९३८) या आत्मचरित्रात सुचविले आहे. बालपणी मनात मुरलेली इंग्रजी बायबलची भारदस्त भाषा हा त्यांच्या शैलीचा दुसरा आधार. देव नवे असले तरी त्यांची वाणी जुनी आहे, ती या कारणाने.

पेगानाचे देव

‘द गॉड्स ऑफ पेगाना’ लंडनच्या एल्किन मॅथ्यूज यांनी प्रसिद्ध केले, पण खर्च डन्सनी यांनी स्वतः उचलला. तोवर कथाकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते. यानंतर मात्र स्वखर्चाने पुस्तक काढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. बालपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले चित्रकार सिडनी साइम यांनी पुस्तकाची चित्रे काढली. लेखक-चित्रकाराची ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. ‘द बुक ऑफ वंडर’ (१९१२) या संग्रहातील बहुतेक कथा तर साइम यांनी आधी काढलेल्या चित्रांवरून सुचल्या आहेत.

या देवमंडळाच्या शिरोभागी माना-यूद-सुशाय आहे. त्याने लहान देव निर्माण केले आणि तो झोपी गेला. त्याच्याजवळ बसून स्कार्ल ढोल वाजवीत असतो. हा ढोल थांबला की माना-यूद-सुशाय जागा होईल, आणि मग देव व त्यांनी केलेली जगे उरणार नाहीत. शिवाच्या डमरूची आठवण भारतीय वाचकास होईल, पण साम्य वरवरचे आहे. डमरूच्या नादातून सृष्टी प्रकटते असे मानले जाते. स्कार्लचा ढोल काहीच निर्माण करीत नाही, तो केवळ निर्मात्याची झोप टिकवितो. या निर्मात्याची प्रार्थना करण्यास मनाई आहे. सर्वश्रेष्ठ देव पूजेच्या पलीकडे ठेवण्याची ही युक्ती साधी दिसते, परंतु तिच्यामुळे सारी भक्ती, भीती आणि नवससायास दुय्यम देवांच्या वाट्याला येतात आणि कथा तेथे घडू शकते.

निर्माता झोपला असताना हे लहान देव करमणूक म्हणून जगे घडवितात, तीही पेगानाची शांतता मोडू नये म्हणून हातांच्या खुणांनी. प्रत्येकाकडे एकच काम आहे. किब जीव पाठवितो. त्याच्या कामाचा हेवा वाटून मुंग मरण पाठवितो. सिश हा तासांचा संहारक असून काळ हा त्याचा शिकारी कुत्रा आहे. स्लिडचा आत्मा समुद्रापाशी असतो, योहार्नेथ-लहाय लहानसहान स्वप्ने वाटतो, लिंपांग-टुंग आनंदाचा व गायकांचा देव आहे, तर रून हा चालत राहण्याचा. कोणाचीही सत्ता दुसऱ्याच्या कामापर्यंत पोहोचत नाही. संघर्ष उत्पन्न होतो तो या मर्यादांतून. सुष्ट आणि दुष्ट देवांची सरळ विभागणी येथे नाही.

यांखेरीज घरगुती देवांचा एक मोठा समूह आहे. पित्सू मांजराला कुरवाळतो, होबिथ कुत्र्याला शांत करतो, हबानिया निखाऱ्यांचा स्वामी आहे, जाबिम मोडक्या वस्तूंचा, तर रात्रीच्या आवाजांचा स्वामी वोहून. पुस्तकातील सर्वांत जिव्हाळ्याचा भाग हाच म्हणावा लागेल. विश्वाच्या अंताविषयी बोलणाऱ्या ग्रंथात फुटक्या भांड्यालाही देव आहे, आणि त्यामुळे पेगानाच्या खाली माणसे राहतात हे पटते. प्रेषितांविषयी मात्र डन्सनी यांना फारशी दया नाही. देवांचे मनोगत आपल्याला कळते असे सांगणारे प्रेषित एकामागून एक येतात, पण मुंगपुढे त्यांचे काही चालत नाही.

‘टाइम अँड द गॉड्स’ (१९०६) या पुढील पुस्तकात काळ हा देवांचा सेवक त्यांच्या लाडक्या सार्दाथ्रिऑन नगरीचा नाश करतो, आणि उद्या तो आपल्यावरही उलटेल या शंकेने देव अस्वस्थ होतात.

नाटके आणि युद्धकाळ

१९०६ मध्ये हुजूर पक्षातर्फे संसदेची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. डब्ल्यू. बी. येट्स यांच्या सूचनेवरून लिहिलेले ‘द ग्लिटरिंग गेट’ हे नाटक १९०९ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात आले. १९११ मध्ये लंडनच्या हेमार्केट थिएटरात झालेले ‘द गॉड्स ऑफ द माउंटन’ हे त्यांचे विशेष गाजलेले नाटक. त्यात सात भिकारी हिरव्या पाषाणाच्या सात देवांचे सोंग घेऊन एका नगराला फसवितात. अखेर खरे देव चालत येतात, भिकाऱ्यांची शिळा होते आणि ते खरोखरच देव होते अशी लोकांची खात्री पटते.

पहिल्या महायुद्धात ते रॉयल इनिस्किलिंग फ्यूझिलिअर्स या पलटणीत अधिकारी होते. एप्रिल १९१६ मध्ये रजेवर असताना डब्लिनमधील ईस्टरच्या उठावाची वार्ता कळताच ते सरकारी सैन्याच्या मदतीस शहरात गेले. तेथे त्यांच्या चेहऱ्यावर गोळी लागली आणि ते उठावकऱ्यांच्या हाती सापडले. उपचारांनंतर ते बचावले. ज्यांच्या कविता प्रकाशात आणण्यास त्यांनी साहाय्य केले होते, ते मजूरवर्गातील तरुण आयरिश कवी फ्रान्सिस लेडविज ३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये युद्धात मारले गेले. युद्धानंतरच्या डन्सनी यांच्या लेखनात देव जवळजवळ दिसेनासे होतात.

उत्तरायुष्य

‘द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर’ (१९२४) ही कादंबरी, क्लबात बसून थापा सांगणाऱ्या जॉर्किन्सच्या विनोदी कथा आणि आयर्लंडमधील दलदलीच्या प्रदेशावरील ‘द कर्स ऑफ द वाइज वूमन’ (१९३३) ही त्यांच्या उत्तरकाळातील ठळक पुस्तके होत. या काळात त्यांनी विपुल लिहिले, सर्वच सारख्या तोलाचे नाही. बुद्धिबळातही त्यांना गती होती. १९२९ मध्ये जगज्जेते राहिलेले कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना डन्सनी यांनी त्यांच्याशी बरोबरी साधली. एका बाजूस नेहमीची सोंगटी आणि दुसऱ्या बाजूस ३२ प्यादी असा बुद्धिबळाचा एक प्रकारही त्यांनी रचला. १९४० मध्ये ते अथेन्स येथे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. जर्मन आक्रमणामुळे पुढील वर्षी त्यांना ग्रीस सोडावे लागले. आंत्रपुच्छाच्या विकाराने डब्लिन येथे त्यांचे निधन झाले व शोरहॅम येथे दफन करण्यात आले.

प्रभाव

१९१९ मध्ये बॉस्टन येथे डन्सनी यांचे वाचन ऐकणाऱ्यांत एच. पी. लव्हक्राफ्ट होते. त्यांच्या भयकथांतील विश्वाच्या मध्यभागी अ‍ॅझथॉथ ढोल आणि बासऱ्यांच्या नादात पडून असतो. त्यावर स्कार्लच्या ढोलाची छाया अभ्यासकांना दिसते. उलट अर्सुला ले ग्विन यांनी डन्सनी यांच्या शैलीचे अनुकरण नवोदितांनी टाळावे असा इशारा दिला. तो रास्त आहे. त्यांची भाषा उसनी घेतली की ती लगेच पोकळ वाजते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये आला. यात एक जण सूत्रधार होऊन कल्पित जग उभे करतो आणि बाकीचे त्यातील पात्रांच्या भूमिका घेतात. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या नियमपुस्तकात प्रेरणा देणाऱ्या लेखकांची जी यादी गायगॅक्स यांनी दिली, तीत डन्सनी यांचे नाव आहे. या खेळाच्या देवांविषयीच्या १९७६ आणि १९८० च्या पुस्तकांनी मात्र मुख्यतः ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, भारतीय अशी प्राचीन देवमंडळे घेतली आणि देवांची ताकद अंकांत मोजली. इंद्रादी देवांना अशा तक्त्यात पाहणे भारतीय वाचकास चमत्कारिक वाटते, कारण ज्यांची पूजा आजही चालते ते देव खेळाच्या सोयीप्रमाणे बदलता येत नाहीत. स्वतःचे जग रचणाऱ्या सूत्रधाराला ही अडचण टाळायची असेल, तर कोणत्या देवाकडे कोणते काम, कोणाची प्रार्थना करायची नाही, कोणाला कोणाचा हेवा वाटतो, निखाऱ्यांना आणि मोडक्या वस्तूंना कोण वाली आहे, हे त्याला स्वतःच ठरवावे लागते. पेगानामध्ये त्याला हे सारे एका लहानशा पुस्तकात ठरविलेले सापडते, आणि ढोल थांबल्यावर काय होईल हेही.