दोन चॅसिसचा माणूस

मी डहाणूची आणि शिकले कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुका पोटात घाला.

लहानपणी बाबांबरोबर तलासरीला जाताना हायवेवर बिनबॉडीचे ट्रक दिसायचे. नुसती चॅसिस, इंजिन आणि डोक्याला फडकं गुंडाळून बसलेला ड्रायव्हर! चॅसिस वेगळी, बॉडी वेगळी, हे मला तिथेच कळलं.

यंदा हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही स्लॉट कारच्या रेस लावल्या. म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून पळणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या. नियम दोनच. कडक प्लॅस्टिकची बॉडी कापायची नाही आणि चॅसिस बदलायची नाही. मी काहीच कापलं नाही, फक्त बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा सैल केले. बॉडी चॅसिसवर जराशी डुलायला लागली आणि गाडी वळणावर खाचेतून उडेनाशी झाली. मी जिंकले. रूममेटला हे कळलं तेव्हा तिने त्याला सरळ चीटिंग म्हटलं आणि दोन दिवस बोलली नाही. माझं म्हणणं एवढंच, की नियमात स्क्रूचं नावच नाही! अशा वेळी मला कॉलिन चॅपमन आठवला.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. शिकला स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग, म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांचाच भाऊबंद. १९४८ मध्ये त्याने मैत्रीण हेझेलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनची रेसिंग कार बनवली. पुढे १९५२ मध्ये लोटस कंपनी काढली आणि १९५४ मध्ये हेझेलशी लग्नही केलं.

ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडरना मिळून दोनच इनलेट पोर्ट होते. चॅपमनने आत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी केली. १९५१ च्या सीझनमध्ये त्याची गाडी इतरांना ऐकेना. शेवटी क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली. पण माणूस थांबला नाही. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्याने पाइपांची फ्रेमच काढून टाकली आणि पत्र्याची पोकळ पेटी हीच चॅसिस केली. वजन कमी, ताकद जास्त! १९६३ मध्ये जिम क्लार्क त्याच गाडीवर दहापैकी सात रेस जिंकून चॅम्पियन झाला. १९७८ च्या लोटस ७९ ने गाडीखालच्या हवेचा उपयोग करून चाकं रस्त्याला चिकटवून ठेवली.

मग आली १९८१ ची लोटस ८८. हवेचा दाब झेलणारी बॉडी घट्ट बसवावी लागे, पण त्यामुळे ड्रायव्हरची हाडं खिळखिळी व्हायची. चॅपमनने एका गाडीत दोन चॅसिस घातल्या. बाहेरची बॉडीसकट कडक स्प्रिंगवर, आतली ड्रायव्हरसकट मऊ स्प्रिंगवर. बॉडी गाडीच्या स्प्रिंगवरच्या भागाशी पक्की जोडलेली असावी, असा नियम होता. चॅपमनच्या मते बाहेरची चॅसिस हाच तो भाग! बाकीच्या टीम्सनी तक्रार केली, गाडीवर बंदी आली आणि ती एकही रेस धावली नाही.

इथपर्यंत मला तो हिरो वाटायचा. पण हलकेपणाच्या हट्टापायी त्याच्या गाड्यांचे भाग तुटायचे. १९७० मध्ये मोंझाला ब्रेकचा शाफ्ट तुटून योखेन रिंट गेला आणि त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. १६ डिसेंबर १९८२ ला चॅपमनही हार्टअटॅकने गेला, वय अवघं ५४. नंतर डीलोरियन कंपनीला मिळालेल्या सरकारी पैशाच्या अपहाराचं प्रकरण कोर्टात गेलं. १९९२ मध्ये लोटसचे हिशेब पाहणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याला तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, असं न्यायाधीशांनी सांगितलं. म्हणजे फट शोधायची सवय गाडीपुरतीच राहिली नव्हती. हे वाचून मी जरा गप्पच झाले.

त्या रात्री मी रूममेटला स्क्रू कसे सैल करायचे ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर तिसरा नियम लागला: बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा सैल चालतील, सगळ्यांना. माझी आधीची जिंकलेली रेस मी स्वतःच खोडली. पुढच्या रविवारी रूममेट पहिली आली, मी तिसरी. वडापाव मात्र तिनेच खिलवला!