केडगांवचें उपासनामंदिर आणि पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे. आज त्या टापूंत उसाचे हिरवे मळे दिसतात. परंतु मुक्तिसदनाच्या जुन्या वृत्तांतांत व रमाबाईंच्या चरित्रग्रंथांत जीं छायाचित्रें छापलीं आहेत, त्यांत दिसतो तो उघडा, सपाट माळ. त्या माळावर एक लांबरुंद उपासनामंदिर उभें राहिलें. त्याचा पाया १८९९ सालीं घातला गेला. तें कोणा परदेशीय मिशनमंडळाच्या हुकमानें उभें राहिलें नाहीं. द्रव्य पुष्कळसें दूरदेशच्या मित्रांकडून आलें हें खरें, परंतु जागा, योजना आणि कारभार हीं सर्व एका महाराष्ट्रीय विधवेचीं होतीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं तिचें नांव ऐकलेलें असतें, पण चरित्र फार थोड्यांनीं वाचलेलें असतें, म्हणून हा लेख.

रमाबाईंच्या बालपणाचें छायाचित्र कोठें पाहावयास मिळत नाहीं. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळच्या रानांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. परंतु त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविण्याचें धाडस केलें आणि त्यापायीं त्यांस लोकांचा रोष सोसावा लागला. ज्या स्त्रीस शिकविल्याबद्दल एवढा बोभाटा झाला, तिनेंच पुढें आपल्या कन्येस संस्कृत शिकविलें. हें कुटुंब पुराणें सांगत, तीर्थें करीत देशभर हिंडे. पुढें दक्षिणेंत भीषण दुष्काळ पडला. १८७४ सालीं थोडक्या दिवसांच्या अंतरानें आईबाप दोघेही अन्नावांचून खंगून गेले. मागाहून थोरली बहीणही वारली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री अनवाणी, अर्धपोटीं, शेंकडों कोस पायीं चालत राहिलीं. ही उपासमार वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. केडगांवचा उगम आमच्या मतें येथेंच आहे.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं या विशीच्या मुलीची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला; त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांनीं विवाह केला. दोघांची जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति निवर्तला. पांढरें लुगडें, आंखूड केंस, आणि जवळ लहानगी मनोरमा, अशीं जीं रमाबाईंचीं प्रसिद्ध छायाचित्रें आहेत, तीं यानंतरच्या वर्षांतलीं. मुद्रा फार कठोर वाटते; परंतु त्या काळीं छायाचित्र घेतांना कांहीं वेळ अगदीं निश्चल राहावें लागे, तेव्हां मुद्रेवरून स्वभावाची पारख करूं नये.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, पुढें १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तेथील धर्मभगिनींनीं त्यांस मायेनें वागविलें. परंतु आपण सांगूं तेंच बाईंनीं मानावें अशी त्यांची अपेक्षा होती, ती मात्र पुरी झाली नाहीं. ज्या बुद्धीनें शास्त्र्यांना प्रश्न विचारिले, तिनें बिशपांनाही विचारिले. आम्हां ख्रिस्ती लोकांस ही गोष्ट सांगावयास कधीं कधीं अवघड वाटते; वाटूं नये.

१८८६ च्या मार्चांत आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेंत हजर राहिल्या. तेथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या कार्यास दहा वर्षें द्रव्यसाहाय्य करण्याकरितां बोस्टन येथें एक मंडळी स्थापन झाली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. आरंभींच्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई यांनीं १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला, हें बहुतेकांस ठाऊक आहे.

त्याच १८९३ सालीं मोठें वादळ झालें. शारदासदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राखिली जाईल असें अभिवचन होतें. बाईंनीं कोणावर सक्ति केली नाहीं. पण आपल्या खोलींत त्या प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि मुली आपण होऊन येऊन बसत. पुण्याच्या वृत्तपत्रांनीं काहूर उठविलें, रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. या प्रकरणीं दोष कोणाचा? बाईंस सदसद्विवेकाप्रमाणें वागण्याचा हक्क होता. परंतु विश्वासानें मुलगी दुसऱ्याच्या हवालीं करणाऱ्या बापाची काळजी खोटी होती, असें म्हणावयास आमचें मन घेत नाहीं. दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें होतीं, म्हणूनच हें भांडण दुःखाचें झालें.

केडगांवची सुमारें १०० एकर जमीन बाईंनीं घेतली ती उपासनामंदिरासाठीं नव्हे. अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच. पुढें सदनाचा खर्च निघावा म्हणून फळझाडें लावावीं, एवढाच हेतु होता. तेथें विहिरी खणल्या, झाडें लाविलीं, तों १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याची वार्ता आली. बावीस वर्षांपूर्वीं जें स्वतः भोगिलें होतें, तें पुनः डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्या तडक तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग सुरू झालेला, सरकारी निर्बंध कडक. तेव्हां या मुलींना केडगांवच्या शेतावरच ठेवावें लागलें. हेंच मुक्तिसदन. पुढें गुजराथेंतही दुष्काळ पडला आणि १९०० च्या सुमारास तेथील वस्ती १,५०० वर गेली.

या मुलींचीं छायाचित्रें पाहणें सोपें नाहीं. हाडांचे सांपळे झालेलीं मुलें, आणि शेजारीं तींच मुलें कांहीं महिन्यांनीं धडधाकट झालेलीं, अशीं जोडचित्रें त्या काळचीं सर्वच मिशनें परदेशीं धाडीत. त्यांवांचून वर्गणी येत नसे. पोट भरण्यासाठीं आपली उपासमार दाखवावी लागावी, ही रीत आम्हांस रुचत नाहीं. पण त्या पैशानेंच धान्य आलें, हेंही नाकारितां येत नाहीं. अशा चित्रांखालीं मुलींचीं नांवें बहुधा नसतात. दाता कोण हें वृत्तांतांत छापिलेलें असे. घेणारी निनांवी राही.

येथल्या मुली विणकाम, गोठा, बागाईत, तेलाचा घाणा, छपाई अशीं नाना कामें शिकल्या. एवढा समुदाय एकत्र बसावा कोठें, या अडचणींतून मंदिराची बांधणी झाली. आंतील चित्रांत पांढऱ्या लुगड्यांच्या रांगांमागून रांगा दाटीनें भुईवर बसलेल्या दिसतात. कोठें एखाद्या मुलीनें मान हलविल्यामुळें चेहरा पुसट झाला आहे. आम्हांस तें पुसट मुखच अधिक जिवंत वाटतें. १९०५ सालीं याच मुलींत प्रार्थनेचें जें मोठें संजीवन झालें, त्याची कीर्ति इतर खंडांतील मंडळ्यांपर्यंत गेली.

बाईंचें शेवटचें काम म्हणजे पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर. शेतांतून आलेल्या बाईस तें कळेना. संस्कृतांत सरस्वती पदवी मिळविलेल्या या विदुषीनें इब्री व हेल्लेणी भाषा शिकून घेतल्या आणि सुमारें अठरा वर्षें खपून साध्या, घरगुती मराठींत तें उतरविलें. खिळे जुळविणें, छापणें, बांधणी, हीं कामें मुक्तिसदनच्या स्त्रियांनींच केलीं.

आईच्या मागें मनोरमेनें हें सर्व चालवावें अशी योजना होती. परंतु १९२१ च्या जुलैंत, चाळिसाव्या वर्षीं, मनोरमा वारली. रमाबाई मुद्रितें तपाशीत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच त्यांचा अंत झाला. छापील संपूर्ण शास्त्र १९२४ सालीं बाहेर पडलें. १९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपाल तिकीट काढिलें. त्यावरील मुद्राही तशीच निश्चल आहे.